ऑप्शनला टाकलेलं युनिट

एप्रिल संपत आला की आमच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या डिपार्टमेंटला एक ठरावीक वास येतो. झेरॉक्सच्या गरम कागदांचा, स्पायरलच्या प्लॅस्टिकचा आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी विसरलेल्या डब्याचा. शेवटच्या वर्षाची मुलं नो-ड्यूजचा कागद घेऊन लायब्ररी, वर्कशॉप, हॉस्टेल, अकाउंट्स असे सह्यांचे दरवाजे हिंडत असतात आणि आम्ही त्या संधीचा फायदा घेतो. सही हवी ना, मग आधी एक्झिट सर्व्हे भर. एका पानावर बारा वाक्यं, प्रत्येकासमोर एक, दोन, तीन असे चौकोन. चार वर्षांत तुला यातलं किती आलं, एवढंच सांगायचं. बहुतेक मुलं वाक्यं वाचतच नाहीत. तीनच्या रकान्यात वरून खाली खुणा करत जातात आणि सहीचा कागद पुढे सरकवतात. यंदा एक मुलगी मात्र आठव्या वाक्यापाशी थांबली. बार्शीकडची, वडील सेंटरिंगची कामं घेतात, वर्गात फारशी न बोलणारी. पेनाचं टोपण दातांत धरून तिनं विचारलं, "सर, खरं भरायचं की नेहमीसारखं?"

खरंच भर की, मी म्हटलं. तिनं पान माझ्याकडे वळवलं. आठवं वाक्य नीतिमत्तेचं. पदवीधर व्यावसायिक नीती पाळेल, आपल्या जबाबदाऱ्या ओळखेल, अशा अर्थाचं. "हे कशात होतं आपल्याला?" तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता, एखादा फॉर्म्युला कुठल्या चॅप्टरमधला, असं विचारावं इतका सरळ प्रश्न. मी आठवून सांगितलं, एस्टिमेटिंगच्या पेपरात, शेवटचं युनिट, टेंडर आणि काँट्रॅक्टच्या मागे. "हां, ते," ती म्हणाली, "ते ऑप्शनला टाकलं होतं सर. सगळ्यांनीच." मग जरा विचार करून तिनं दोनवर खूण केली, सही घेतली, थँक्यू सर म्हणाली आणि पुढच्या सहीला गेली.

तो दोन काही माझ्या डोक्यातून जाईना.

ज्यांनी एनबीएची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या मंडळाची, फाइल केली आहे त्यांना या दोनाचं पुढे काय होतं ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक विषयाची पाच-सहा उद्दिष्टं, ते सीओ. पदवीची बारा, ते पीओ. (नव्या नमुन्यात समाज आणि पर्यावरण एकत्र करून बाराची अकरा झाली आहेत, पण या बॅचला जुनीच बारा.) मग एक तक्ता. आडव्या ओळीत हे, उभ्या ओळीत ते, आणि प्रत्येक चौकोनात दोघांचं किती जमतं त्याचा आकडा. पत्रिका जुळवायला बसलेल्या गुरुजींसारखे आम्ही चौघं संध्याकाळी उशिरापर्यंत बसून सॉइल मेकॅनिक्सचे 'कम्युनिकेशन'शी किती गुण जुळतात ते काढतो. एक की दोन? दोन द्या हो, व्हायव्हा घेतो ना आपण. उद्दिष्टात 'समजेल' हे क्रियापद चालत नाही, कारण समजणं मोजता येत नाही. 'विश्लेषण करेल', 'संकल्पन करेल', 'तुलना करेल' असं लिहायचं. ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९५६ साली शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्या २००१ मध्ये सुधारल्या गेल्या, आणि आज आमच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे त्या पायरीचा क्रमांक छापलेला असतो. बीम डिझाइन करताना तो कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही. मग परीक्षेचे गुण, त्यात सर्व्हेचे गुण मिसळायचे, आमच्याकडे ऐंशी-वीसच्या प्रमाणात, आणि शेवटी प्रत्येक पीओसमोर एक आकडा उभा राहतो, त्याला अटेनमेंट म्हणायचं. तीनपैकी २.३८. तीनपैकी २.४१. त्या मुलीचा विचार करून दिलेला दोन आणि बाकीच्यांचे न वाचता दिलेले तीन एकाच सरासरीत विरघळून जातात.

याची टिंगल करणं फार सोपं आहे आणि आम्ही ती रोज चहाला करतो. पण ही भानगड नव्हती तेव्हाचे दिवस मी पाहिलेले आहेत, विद्यार्थी म्हणून. तेव्हा शिकवण्याचं उद्दिष्ट एकच असायचं, पोर्शन संपवणं. पिवळ्या पडलेल्या नोट्स, फळ्यावर त्याच क्रमानं तीच आठ उदाहरणं, आणि "हे महत्त्वाचं आहे, दर वर्षी येतं" हे एकमेव मार्गदर्शन. कशासाठी शिकतोय असं विचारायची सोय नव्हती, विचारलं तर परीक्षेसाठी. त्या मानानं ही बारा वाक्यं कुणीतरी विचार करून लिहिलेली आहेत. तिसऱ्यात डिझाइन आहे, पण सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षिततेचं भान ठेवून केलेलं डिझाइन. सहाव्यात अभियंता आणि समाज. सातव्यात पर्यावरण. नवव्यात चार माणसांत मिळून काम करणं. बाराव्यात आयुष्यभर शिकत राहणं. चांगल्या इंजिनिअरचं वर्णन कर असं मला कुणी सांगितलं असतं, तर मलाही याहून वेगळं सुचलं नसतं.

त्यामागे व्यवहारही आहे, आणि तो लपवण्यासारखा नाही. २०१४ च्या जूनमध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. म्हणजे इथली मान्यताप्राप्त पदवी त्या करारातल्या इतर देशांनीही आपल्या पदवीच्या तोडीची धरायची. त्यासाठी मोजमापाची भाषा एक हवी, म्हणून ही बारा वाक्यं. गंमत अशी की त्याचा फायदा स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग यांनाच, टियर वनवाल्यांना. विद्यापीठाला संलग्न असलेल्या साध्या कॉलेजांनी फायली तेवढ्याच जाड करायच्या, तक्ते तेवढेच भरायचे, पण करार त्यांच्या पोरांना लागू नाही. आमचं कॉलेज स्वायत्त झालं तेव्हा प्रवेशाच्या जाहिरातीत ही ओळ ठळक अक्षरांत आली. दुबईत किंवा मेलबर्नला जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलांच्या आईबापांना ती समजते. सहावं वाक्य त्यांना कुणी वाचून दाखवत नाही.

पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला तेव्हा उद्दिष्ट एका ओळीत मावत होतं. इमारती, धरणं, कालवे, रेल्वे, पूल ही सरकारी कामं सांभाळायला दुय्यम दर्जाचे अधिकारी हवे होते. वरचे साहेब विलायतेहून येणार, हाताखालचे इथे घडवायचे. त्याच संस्थेतून १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या पहिले आले, दुसऱ्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वतः योजलेली स्वयंचलित दारं बसली. दर १५ सप्टेंबरला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो आणि कुणीतरी पाहुणा त्या दारांबद्दल बोलतो. दुय्यम अधिकारी घडवणाऱ्या अभ्यासक्रमातून तो माणूस निघाला, याचं श्रेय उद्दिष्टाच्या त्या ओळीला द्यायचं की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. बहुधा नाही. पण मग आमच्या बारा ओळींनी तरी इतका रुबाब का करावा?

सहाव्या वाक्यापाशी मी स्वतः नेहमी अडखळतो, त्याचं कारण वेगळं आहे.

माझं आजोळ तुळजापूरच्या बाजूला. घर माळवदाचं, त्या भागात तेव्हा बहुतेकांचं तसंच. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात त्या घरात शिरलं की अंगावरून थंडगार हात फिरल्यासारखं वाटायचं. मे महिन्यात आजोबा गाडीनं पांढरी माती आणायचे. आम्ही पोरं पाट्या घेऊन शिडीवरून वर चढवायचो, मामा ती पसरून चोपायचा. पाऊस गळू नये म्हणून दर वर्षी नवा थर. जुना काढायचा नसे. घराची काळजी घेणारा माणूस म्हणजे माळवदावर वेळच्या वेळी माती टाकणारा माणूस, अशीच समजूत होती आणि आजोबांचा त्या बाबतीत लौकिक होता.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची मिरवणूक उशिरा संपलेली. आम्ही सोलापुरात होतो. पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची भांडी खणखणली आणि आईनं आम्हाला ओढत रस्त्यावर आणलं. किल्लारीचं नाव सकाळी रेडिओवर कळलं. आजोळी कुणी दगावलं नाही. एक भिंत पडली, दुसरीला हात जाईल एवढी भेग गेली, आणि आजी पुढे कित्येक महिने अंगणातच झोपली. लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात मात्र हजारो माणसं झोपेतच गाडली गेली, आणि ज्याखाली गाडली गेली ते छप्पर त्यांनी स्वतःच्या हातांनी, पिढ्यान्‌पिढ्या, काळजीपोटी जड करत नेलं होतं.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते डिग्रीच्या तिसऱ्या वर्षी, फळ्यावर एक समीकरण पाहताना. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या पटीत वाढतो, एवढंच ते समीकरण सांगतं. मी वहीच्या मागच्या पानावर आजोबांचं माळवद मांडलं. दोन फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला टनाच्या आसपास. आपल्या नेहमीच्या पाच इंची स्लॅबचं जेमतेम तीनशे किलो. आणि हे तिपटीहून जास्त ओझं मातीत रचलेल्या दगडांवर. शिकवणारे सर पुढच्या उदाहरणाकडे गेले होते. त्या तासाला त्यांनी किल्लारीचं नाव घेतलं नाही. पुस्तकात नव्हतं, पोर्शनमध्येही नव्हतं. भूकंपाच्या आयएस कोडात, म्हणजे भारतीय मानकात, तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये दाखवलेला होता. पुढे २००२ च्या आवृत्तीत तो पहिला झोनच नकाशावरून काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. आयएस कोड म्हणजे दगडावरची रेघ, असं मानून आम्ही पास झालो होतो. बाराव्या वाक्याचा, त्या आयुष्यभर शिकत राहण्याचा, अर्थ मला त्या नकाशानं शिकवला. अटेनमेंटच्या कुठल्या रकान्यात हे बसवायचं?

आता आठव्याकडे येतो. ते खरंच शिकवलं जातं का? त्या मुलीला मी युनिटचा नंबर सांगितला, पण माझं स्वतःचं ते युनिट भलत्याच ठिकाणी झालं होतं.

आमचा सर्व्हे कॅम्प पन्हाळ्याच्या बाजूला होता. डिसेंबरची थंडी, भल्या पहाटे गवतावरून चालून बूट ओले, खांद्यावर ट्रायपॉड, आणि स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, धरायला नेहमी वर्गातला सर्वांत उंच किंवा सर्वांत गरीब मुलगा. बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून, निघून लेव्हल घेत घेत गावाच्या टोकापर्यंत जायचं आणि परत बेंचमार्कवर यायचं. जिथून निघालो तिथेच आलो म्हटल्यावर आरएल, म्हणजे त्या जागेची उंची, तीच यायला हवी. येत नाही. वारा असतो, ऊन चढल्यावर स्टाफवरचे आकडे थरथरतात, स्टाफ धरणारा गडी डुलतो, बुडबुडा किंचित सरकलेला असतो. जो फरक येतो तो क्लोजिंग एरर. तो लिहायचा, मर्यादेत असेल तर वाटून टाकायचा, नसेल तर काम पुन्हा करायचं. आणि लेव्हल बुकाचा एक नियम: चुकलेलं रीडिंग खोडरबरानं पुसायचं नाही. त्यावर एकच रेघ मारायची, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि दुरुस्त आकडा वर लिहायचा. का, ते कुणी सांगितलं नाही. नियम आहे, एवढंच.

शेजारच्या ग्रुपचं क्लोजिंग शून्य आलं. पोरं खुशीत होती, संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यात आधी सही घ्यायला तीच उभी. सर्व्हेचे सर बुटके, कानटोपी घातलेले, कायम सर्दी झालेले. त्यांनी शेवटचा आकडा पाहिला आणि ते गप्प बसले. मग बुक उचलून पान कंदिलासमोर धरलं. रबर फिरलेल्या जागी कागद पातळ होतो, त्यातून उजेड जास्त येतो. तीन ठिकाणी आला. सर चिडतील असं आम्हाला वाटलं. ते नाक पुसून म्हणाले, "एवढी वळणं, एवढा वारा, आणि तुमचे हे हात. शून्य कसं येईल रे? सकाळी परत जा." पोरं दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी गेली आणि ३० मिलिमीटरची चूक घेऊन आली. सरांनी सही केली. नीतिमत्ता हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही चार वर्षांत एकदाही ऐकला नाही. आज सर्व्हे कॅम्पला टोटल स्टेशन नावाचं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, रीडिंग थेट आत साठतं, पुसायचा प्रश्नच येत नाही. ते बरंच आहे. पण कंदिलासमोर धरायचं पानही राहिलं नाही.

प्रयोगशाळेत ते पान अजून सापडतं, बघायची इच्छा असेल तर. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका बॅचनं एम-२० काँक्रीटचे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन पेलायला हवं अशा काँक्रीटचे, क्यूब भरले होते. दीडशे मिलिमीटरचा साचा, तीन थर, प्रत्येक थराला ३५ ठोके. कॅन्टीनची वेळ झाली होती, शेवटच्या साच्याला ठोके कमी पडले हे क्यूब उघडल्यावरच दिसलं. एका बाजूला खडी उघडी, मध्ये पोकळ्या. २८ दिवस पाण्यात राहून ते बाहेर आले, ओल्या सिमेंटचा तो गार, मातकट वास घेऊन. मशीन घरघरलं. पहिला ५२० किलोन्यूटनला फुटला, दुसरा ५५० ला. तिसऱ्याचा काटा ३८० ला मागे फिरला. म्हणजे २३.१, २४.४ आणि १६.९. सरासरी साडेएकवीसच्या जवळ. "वीसच्या वर आहे सर, पास," कुणीतरी म्हणालं आणि जर्नलं उघडली गेली. वर्गात आयएस ४५६, काँक्रीटचा कोड, फार कमी मुलं खऱ्या अर्थानं वाचतात, पण एकानं वाचलं होतं. तो हळूच म्हणाला, पंधरा टक्क्यांचा नियम आहे ना? एकाच नमुन्यातला कुठलाही क्यूब सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून लांब गेला तर तो नमुनाच बाद. इथे फरक एकवीस टक्के. म्हणजे पास नाही, नापासही नाही. निकालच नाही.

मग जी शांतता पसरली ती मला ओळखीची होती. प्रत्येकाच्या बॅगेत सीनियरचं जर्नल होतं, त्यात २४.३, २४.९, २५.१ असे सुरेख आकडे होते, आणि सबमिशन सोमवारी. एकानं विचारलं, "सर, तिसरा सोडून नवा धरू का?" मी सांगितलं, तिन्ही लिहा, खाली 'नमुना अग्राह्य' लिहा, आणि का फसला तेही लिहा. त्यांनी लिहिलं. ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडलं आणि विचारलं, रिझल्ट कुठंय? त्या ग्रुपला पंचवीसपैकी सरासरी दोन गुण कमी मिळाले. मी बोललो त्यांच्याशी, पण ते घाईत होते, त्यांची गाडी साडेचारची होती.

त्या क्यूबला पंधरा टक्क्यांचा नियम आहे. माणसांच्या तक्त्याला नाही. साइटवर एकटीनं स्लॅब भरून घेऊ शकेल अशी मुलगी आणि शिअर कशाला म्हणतात ते शेवटपर्यंत न समजलेला मुलगा, दोघांची मिळून २.३८ होते आणि फाइल पुढे सरकते. ज्या खात्यानं वाळूच्या प्रत्येक कणाला चाळणीतून जायला लावलं, त्यानं स्वतःच्या मोजमापाला इतकं सैल का सोडावं, हा प्रश्न मी एकदा मीटिंगमध्ये विचारला. कोऑर्डिनेटर म्हणाले, सर, तुमचं बरोबर आहे, पण तारीख जवळ आलीय.

१४ मार्च २०१९ ला संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. ऑडिटच्या अहवालात तो 'किरकोळ दुरुस्ती' या गटात होता. बातमी वाचताना मला पुलापेक्षा तो रकाना जास्त दिसत राहिला. असे रकाने भरणारी माणसं आमच्यासारख्याच कॉलेजांतून शिकलेली असतात. त्यांनीही कधीतरी क्यूब फोडलेले असतात, जर्नलं लिहिलेली असतात. त्या अहवालामागे नेमकं काय झालं ते न्यायालयानं पाहावं. मी फक्त एवढं जाणतो की आकडा बरा दिसावा ही सवय पुलापाशी लागत नाही. ती फार आधी, शंभर गुणांतल्या टर्मवर्कपाशी लागते.

फाइलमध्ये अजून एक प्रकार असतो, पीईओ: पदवीनंतर चार-पाच वर्षांनी आमचा विद्यार्थी कसा असेल. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांना गूगल फॉर्म जातो. कंपनी, हुद्दा, पॅकेज, परदेशी शिक्षण. त्या यादीतला एक मुलगा मला अधूनमधून फोन करतो. दोन विषय मागे ठेवून कसाबसा पास झाला होता, आमच्या अटेनमेंटला त्यानं खालीच ओढलं असणार. पुण्याबाहेर एका मोठ्या गृहप्रकल्पावर साइट इंजिनिअर होता. मागच्या पावसाळ्यात रात्री दहाला फोन. मागे मिक्सरचा आवाज, कुणीतरी ओरडतंय. ट्रॅफिकमध्ये अडकलेला आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, ट्रक उशिरा आला, माल ताठला म्हणून ड्रायव्हरनं गेटबाहेर ड्रममध्ये पाणी मारलं, आणि यानं स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे त्याची चाचणी, घेतला तर कोन उचलल्याबरोबर सगळं जमिनीवर पसरलं. त्यानं ट्रक परत पाठवला होता. काँट्रॅक्टर अंगावर आला होता. मला वाटलं, पाठवला ते बरोबर की चूक, हे विचारायला फोन केलाय. तर तसं नव्हतं. "सर, रजिस्टरला स्लम्प जास्त म्हणून रिजेक्ट एवढं लिहू, की पाणी मारलेलं पाहिलं तेही लिहू? दुसरं लिहिलं तर ड्रायव्हर जातो कामावरून." मी त्याला काय सांगितलं ते सोडा, त्या रात्री तो ज्या दोन गोष्टींमध्ये उभा होता, त्यातली कुठली जड, ते मला अजून नीट कळलेलं नाही. त्यानं शेवटी पाणी मारलेलं पाहिलं तेही लिहिलं. महिन्याभरानं त्याची दुसऱ्या साइटवर बदली झाली, पगार तोच. फॉर्ममध्ये त्यानं हुद्द्याच्या रकान्यात तेच जुनं लिहून पाठवलं, म्हणजे आमच्या हिशेबानं प्रगती शून्य.

पुढच्या वर्षापासून नवा अभ्यासक्रम लागू होतोय आणि अभ्यास मंडळासमोर मी एक साधा प्रस्ताव ठेवणार आहे. शेवटचं युनिट वगैरे नकोच. ते ऑप्शनलाच जाणार. त्याऐवजी काँक्रीट आणि सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला गुण द्यायची पद्धत बदलू. आकडा किती बरोबर आला याला कमी, आणि जो आला तो तसाच लिहिला, फसला तर का फसला ते शोधलं, याला जास्त. अग्राह्य नमुना नीट लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. मसुदा डिपार्टमेंटमध्ये वाचून दाखवला तर दोघांनी माना डोलावल्या. आमच्या स्ट्रक्चरच्या मॅडम मात्र चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "सर, दोन वर्षांत काय होईल सांगू? पोरं मुद्दाम बिघडलेली रीडिंग लिहून आणतील. तिसरा क्यूब १६.९, आणि खाली तीच ती कारणं. सीनियरच्या जर्नलातून उतरवलेली."

मी बराच वेळ त्यावर उत्तर शोधत होतो. तोंडी परीक्षेत पकडता येईल, म्हटलं. त्या म्हणाल्या, साडेचारच्या गाडीला जाणारा माणूस पकडणार? मग आम्ही चहा मागवला आणि प्रत्येक ग्रुपला काँक्रीटचं वेगळं प्रपोर्शन दिलं तर काय होईल, यावर भांडत बसलो. बैठक मंगळवारी आहे.